कापडाआड जाणारा सांधा

विस्कॉन्सिनमधील ज्या कार्यशाळेत मी विमानांवर कापड चढवण्याचे काम करतो, तिथे एका हौशी विमानकर्त्याने घरच्या गॅरेजमध्ये बांधलेला पीटनपोल एअर कॅम्परचा लाकडी सांगाडा आणला. मिनेसोटातील बर्नार्ड पीटनपोल यांनी १९२९ मध्ये फोर्ड मॉडेल ए मोटारीच्या इंजिनावर उडवलेले हे विमान लोक आजही त्यांच्याच आराखड्यांवरून बांधतात. सुतारकाम देखणे होते. मालकांचे बोलणे मात्र रंगापासून सुरू झाले. बहुतेक गिऱ्हाइकांचे तसेच होते.

कापड चढवणे म्हणजे पुढे कित्येक वर्षे कोणाच्याही नजरेस न पडणारी जागा बंद करणे. म्हणून मी आधी प्रत्येक गसेटच्या, म्हणजे सांध्यावर चिकटवलेल्या प्लायवूडच्या तुकड्याच्या, कडेने पातळ पोलादी पट्टी फिरवतो. शेपटीकडच्या एका गसेटखाली ती सहज आत सरकली. चांगला सांधा उचकटला की लाकूड फाटते आणि गोंदाला तंतू चिकटून येतात. इथे गडद तांबूस गोंदाचा थर गुळगुळीत, कोरा निघाला. गोंद रिसॉर्सिनॉलचा होता. उकळत्या पाण्यालाही दाद न देणारा हा गोंद सुमारे २१ अंश सेल्सिअसच्या खाली नीट पक्का होत नाही, आणि वरून पाहिले तर सांधा उत्तमच दिसतो. मालकांनी बहुतेक सांध्यांजवळ पेन्सिलने तारखा लिहिल्या होत्या. या सांध्याची तारीख जानेवारीतली होती.

दर वेळी कालवलेल्या गोंदाचा एक नमुना जोडून तो मोडून पाहायचा, हा साधा नियम पाळला गेला नव्हता. ईएए या हौशी विमानकर्त्यांच्या संघटनेचे अनुभवी स्वयंसेवक बांधकाम पाहायला येतात; त्यांनाही बोलावले नव्हते. फळीच्या कडा इतक्या निगुतीने घासणाऱ्या माणसाने एवढे टाळावे, याची मला आजही चीड येते. हिवाळ्यातले सगळे गसेट काढल्याशिवाय कापडाला हात लावणार नाही, असे मी स्पष्ट सांगितले. ते नाराज झाले, पण त्यांनी ते स्वतः काढले, जुना गोंद उघड्या लाकडापर्यंत खरवडला आणि नवे बसवले.

त्यानंतरचे काम माझ्या आवडीचे. प्लायवूडवर इपॉक्सी वॉर्निश दिले, कारण साधे वॉर्निश कापडाच्या गोंदातील द्रावकाने विरघळते आणि कापड सुटू लागते. पॉलिस्टरचे कापड कडांना चिकटवून इस्त्रीने ताणले, आधी १२१ अंशांवर आणि शेवटी १७७ अंशांवर. त्यापुढे गेल्यास ते सैल पडते आणि गेलेला ताण परत येत नाही. म्हणून इस्त्रीच्या चकतीवर विसंबून न राहता मी तापमापकाने तिचा तळ मोजतो. पहिले लेप वाळल्यावर ॲल्युमिनियमयुक्त रुपेरी लेप दिला. पॉलिस्टरला उन्हापासून वाचवतो तो हाच. सांगाड्यात दिवा लावून अंधारात पाहिले की लेप कुठे पातळ राहिला आहे ते लगेच कळते.

तारीख नसलेले काही सांधे मात्र मनातून जात नाहीत. पट्टी त्यांच्या कडेत शिरली नव्हती, पण त्यावरून आतला गोंद कळत नाही. आणि कळण्यासाठी ते फोडावेत, तर कदाचित धडधाकट सांधा मोडायचा. त्या प्रत्येकापाशी कापडावर तपासणीची कडी, म्हणजे आत डोकावण्यासाठी ठेवलेल्या भोकाची कड, चिकटवून झाकण ठेवावे, असा आग्रह मी धरला. बाजूची सलग रेघ बिघडते म्हणून मालकांनी त्यांपैकी एकाला नकार दिला. बाकीच्या कड्या बसवल्या, आणि राहिलेल्या सांध्याची जागा त्यांच्या बांधकाम-वहीत माझ्या सहीनिशी नोंदवली.