सव्वाशे जीबी, पंचवीस मीटर वायर आणि कापलेल्या चार तारा

मी लग्नाचं शूटिंग करतो. गाव मोर्शी तालुक्यातलं. समोरच्या खोलीत एडिटिंगचा कॉम्प्युटर आणि मागच्या खोलीत जुना पीसी, त्यात मोठी हार्ड डिस्क. दोन कॅमेऱ्यांचं फुटेज सव्वाशे जीबीच्या आसपास भरतं आणि त्याची एक प्रत मागच्या पीसीवर गेल्याशिवाय मी मेमरी कार्ड पुसत नाही.

आधी सगळं वायफायवर चालायचं. सेकंदाला चार एमबी, म्हणजे अख्खी रात्र. चैतातल्या एका लग्नाची कॉपी ऐंशी टक्क्यांवर असताना पहाटे लाईन गेली. मागच्या खोलीला इन्व्हर्टर नव्हता. सकाळी पुन्हा पहिल्यापासून. बायको वैतागली होती, "काहो, रातभर हे घुरघुर करून राहिलं, झोपू तरी द्या ना बाप्पा!"

मी इंटरनेटवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, प्लान वाढवा. वाढवला, 40 एमबीपीएसचा 100 केला. कॉपीचा वेग होता तेवढाच. पुण्यात शिकणाऱ्या भाच्याला हे सांगितलं तर तो हसायलाच लागला. "मामा, समोरच्या खोलीतून मागच्या खोलीत जाणारी फाईल गावाबाहेर जाते का? प्लानचा अन् याचा काय संबंध?"

डोक्यात प्रकाश पडला खरा, पण पैसे भरून झाले होते.

वायफायवर दोन्ही कॉम्प्युटर एकाच हवेतून बोलतात. एक फाईल आधी राउटरकडे जाते, मग तीच पुन्हा हवेतून दुसऱ्याकडे. एका वेळी एकानंच बोलायचं, त्यामुळे वेग तिथेच निम्मा. मधे आमच्या मातीच्या जाड भिंती, त्या वेगळ्याच. म्हणून दोन्ही कॉम्प्युटर वायरनं राउटरला जोडले. मागच्या खोलीपर्यंत पंचवीस मीटरची वायर आधीपासून टाकलेली होती, कधीकाळी सीसीटीव्ही कॅमेऱ्यासाठी. आकडा अकरावर गेला आणि तिथेच खिळला. सव्वाशे जीबीला तीन तास. लाईन टिकली तर.

राउटरच्या खोक्यावर 300 छापलेलं होतं. ते वायफायचं, तेही कागदावरचं. मागची वायरची भोकं मात्र 100 एमबीपीएसचीच. हे मेगाबिट असतात, कॉपीच्या खिडकीत दिसतात ते मेगाबाइट. आठनं भागलं की साडेबारा उरतात, आणि वरखर्च जाऊन हातात येतात अकरा. म्हणजे राउटर त्याच्या परीनं पूर्ण जोर लावून राहिला होता.

भाच्यानं सांगितलं, राउटर बदलू नका, पाच पोर्टचा, म्हणजे वायरच्या पाच भोकांचा, गिगाबिट स्विच घ्या. स्विच म्हणजे वायरनं आलेले कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारा डबा, आणि गिगाबिट म्हणजे 100 ऐवजी 1000 एमबीपीएस. अमरावतीला एसटीनं जाऊन आणला. दोन्ही कॉम्प्युटर स्विचला लावले आणि राउटरची एक वायर स्विचमध्ये घातली, नेटपुरती. कोणत्या पोर्टवर कोण बसलंय हे स्विच लक्षात ठेवतो आणि फाईल सरळ तिकडेच देतो, राउटरला मधे घेत नाही. मोठ्या हौसेनं कॉपी लावली.

अकरा.

खरं सांगतो, स्विच परत करायचं मनात आलं होतं. जुन्या पीसीचं लॅन कार्ड, म्हणजे ज्यात ही वायर लागते ते, गिगाबिटचं आहे हे मी आधीच बघून घेतलं होतं. मग लक्ष दिव्यांकडे गेलं. समोरच्या कॉम्प्युटरच्या पोर्टवर हिरवा, मागच्या खोलीच्या पोर्टवर केशरी. विंडोजमध्ये लिंक स्पीड बघितला तर 100. स्विच, कार्ड, वायर यांतलं एक जरी मागं पडलं तरी सगळी जोडणी त्याच्याच वेगानं चालते. उरली वायर.

तिचं टोक उजेडात धरलं. प्लास्टिकच्या पिनेत आठऐवजी चारच तारा! केशरी जोडी आणि हिरवी जोडी बसवलेली, निळी आणि तपकिरी मुळापासून कापून टाकलेली. ज्यानं वायर टाकली त्यानं तेवढीच मेहनत घेतली होती. 100 ला दोन जोड्या पुरतात, त्यामुळे इतकी वर्षं कुणाला कळलंच नाही. गिगाबिटला मात्र चारही जोड्या लागतात.

केबलवाल्याकडून क्रिम्पिंगचा, म्हणजे तारा पिनेत दाबून बसवायचा पाना मागून आणला. पहिल्या दोन पिना वाया गेल्या, रंगांचा क्रम चुकला. तिसरी बसली. दुसऱ्या टोकाचंही तसंच केलं. दिवा हिरवा झाला.

आता सेकंदाला ऐंशीच्या आसपास एमबी जातात. गिगाबिटवर एकशेदहापर्यंत जायला हवं, पण मागची हार्ड डिस्क म्हातारी आहे, तिला तेवढं लिहवत नाही. फोटोंच्या हजारो लहान फायली असल्या की वेग आणखी पडतो, त्याला वायर काय करणार! पण व्हिडिओची कॉपी अर्ध्या तासाच्या आत संपते. जेवण उरकून बघावं तर झालेली असते.

राउटर तोच आहे. प्लान पुढच्या महिन्यात परत 40 वर आणला.