गाठी: शून्य

सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणून उपकेंद्रात रुजू होऊन चारच महिने झाले होते, तेव्हा स्तनतपासणीचं टार्गेट आलं. तिशीपुढच्या बाईची तपासणी पाच वर्षांतून एकदा व्हायला हवी. आशाताईंनी घरोघर जाऊन आजारांचा धोका टिपणारे सी-बॅक फॉर्म भरले, बायका गोळा केल्या, आणि महिनाअखेर मी पोर्टलवर 212 नावं चढवली. गाठी: शून्य. मी खूश.

डॉक्टर मॅडमनी रजिस्टर चाळलं. "दोनशे बारा जणींत साधी गाठसुद्धा लागली नाही? एकीला किती वेळ देतेस?"

"दोन मिनिटं," मी म्हटलं. तेवढाही देत नव्हते. कितीजणींना ब्लाउजवरूनच हात लावला होता, ते माझं मला माहीत.

मॅडमनी सिलिकॉनचं मॉडेल पुढ्यात ठेवलं. डोळे मिटून शोधायचं. आत पाच गाठी होत्या, मला दोन सापडल्या. मग बसून शिकले: बोटांची टोकं नव्हे, मधल्या तीन बोटांचे पेर, आधी हलका दाब, मग मध्यम, मग खोल, तिफणीच्या तासासारखे सरळ पट्टे, गळ्याच्या हाडापासून खाली, काखेसकट. मुंबईत टाटा रुग्णालयाने 1998 पासून दीड लाखावर बायकांवर केलेल्या अभ्यासात अर्ध्या बायकांची तपासणी अशीच हाताने झाली, तीही डॉक्टरांनी नव्हे, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी. पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी झाले. त्याखालच्या वयात मात्र फरक दिसला नाही.

पुन्हा सुरुवात केली. लसीकरणाच्या खोलीला आतून कडी बसवली, जुन्या साडीचा पडदा लावला. दिवसाला दहाच बायका. दर दहावी बाई मॅडम माझी नोंद न बघता स्वतः तपासणार. "मागं नॉर्मल म्हणलाव की, आता परत कशाला?" असं तोंडावर विचारणाऱ्या होत्याच. काय सांगणार? "मावशी, मागं माझंच चुकलं," एवढंच म्हणायचे. बहुतेकजणी हसून पडद्याआड यायच्या.

या फेरीत सहाजणींना गाठ लागली. उपजिल्हा रुग्णालयात सोनोग्राफीची चिठ्ठी दिली. तिघी आपल्या आपण गेल्या. चौथीचं सोयाबीन काढणीला आलेलं. तिला मीच एसटीने घेऊन गेले. चौघींच्याही गाठी साध्याच निघाल्या.

छापील रजिस्टरमध्ये 'रेफर' हा शेवटचा रकाना. त्यापुढे पेनाने मी आणखी एक आखलाय: 'पोचली का?' त्यात दोन घरं अजून कोरी आहेत.