शार्डने, फेरी सातवी: काडेपेटीनं पुन्हा घात केला

शार्डने ही पांढरी वाइन, लेबल न बघता कुठली ते ओळखायचं, हा आमचा खेळ. त्यात तिसऱ्यांदा तोंडघशी पडलो. तीन नंबरचा ग्लास हुंगला, नुकत्याच विझवलेल्या काडीचा वास आला आणि मी छातीठोकपणे 'मर्सो' (फ्रान्समधल्या बर्गंडीतली) म्हणून मोकळा झालो. बायकोनं स्वयंपाकघरातून बाटली आणून दाखवली. यारा व्हॅली! आमच्या मेलबर्नच्या घरापासून तासाभरावरची. (ग्लास आता ती आतच भरते. मोज्यात गुंडाळली तरी स्क्रूकॅपची मान ओळखू येते, हे मागच्या वेळी कळलंच.)

माझं समीकरणच चुकलंय. काडेपेटी म्हणजे बर्गंडी, असं धरून बसलो होतो. पण हा वास मातीतून येत नाही, गंधकाच्या संयुगांतून येतो. गढूळसर रस पिंपात आंबवला, लीजवर (तळाशी बसलेल्या यीस्टच्या गाळावर) ठेवला, हवा लागू दिली नाही, की तो कुठंही येऊ शकतो. एके काळी ऑस्ट्रेलियन शार्डने म्हणजे पिवळीधमक, ओकच्या पिंपाच्या वासानं आणि लोण्यानं लडबडलेली. तिथून इथले काही वाइनमेकर थेट दुसऱ्या टोकाला गेलेत. माझ्या मते अतिच झालंय. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशीचं अंगण कुणाला प्यायचंय?

तोच ग्लास अर्ध्या तासानं पुन्हा हुंगला. काडी मागं सरली होती. खाली पांढरं पीच, ग्रेपफ्रूट. मर्सोत मला भाजलेला हेझलनट सापडतो, तो इथं नव्हता. घाई नडली.

शाब्ली (हीही बर्गंडीचीच) मात्र पहिल्या घोटात पकडली! स्टीलच्या टाकीतली, लिंबाची साल, हिरवं सफरचंद, जिभेच्या कडा आंबवणारी. फ्रिजमधून काढून वीस मिनिटं बाहेर ठेवली होती, त्याचा फायदा झाला. थंडगार असताना सगळ्याच शार्डने मला सारख्या लागतात.

पुढच्या फेरीला मर्सो विरुद्ध कॅलिफोर्नियातली नापा लावणार होतो. पण लिहिता लिहिता आठवलं, 1976 साली पॅरिसमध्ये फ्रेंच वाइनना मागं टाकणारी नापाच्याच शातो मॉन्टेलेनाची 1973 ची शार्डने मॅलोलॅक्टिक (वाइनमधलं झोंबरं आम्ल जिवाणूंकडून सौम्य करून घेणं) न करता बनवलेली होती. म्हणजे 'नापा म्हणजे लोणी' हेही समीकरण लंगडंच. लोणी येतं मॅलोलॅक्टिकमधून, ओकमधून नाही, हे मीच चौथ्या फेरीत लिहिलं होतं!

तेव्हा बेत बदलला. शाब्ली, यारा, पश्चिम ऑस्ट्रेलियातली मार्गारेट रिव्हर आणि मॅलोलॅक्टिक नसलेली एक नापा. आधी आंबटपणा लिहायचा, वास शेवटी. पाचवी बाटली बायको गुपचूप आणणार आहे. क्रेडिट कार्डाचं बिल तेवढं आधी यायला नको.