दरपत्रकात 'प्रिझम' नव्हता

विटांची भिंत किती दाब सोसते, हा माझ्या एम.टेक.च्या प्रबंधाचा विषय. तो कसा मिळाला, नोंदणी कधी झाली, हे विचारलं तर मला धड सांगता येणार नाही. आठवते ती बेळगावातल्या एका प्रयोगशाळेची फी भरायची खिडकी. कुठल्या प्रयोगशाळेची ते सांगत नाही, कारण अजून एक काम तिकडेच आहे.

मी खानापूर तालुक्यातली. काकांची वीटभट्टी आहे, म्हणून विटा फुकट. "विटा मोडायला पैसे भरतीस?" असं काका हसून विचारायचे. भरत होते, म्हणजे भरायला तयार होते. घेणाराच नव्हता.

एकटी वीट दाबून भिंतीचं गणित सुटत नाही. परदेशी पुस्तकांत वीट कडक आणि विटांना जोडणारा मधला माल, म्हणजे मॉर्टर, मऊ असतो. दाब आला की माल बाहेर पसरू बघतो, विटेला आडवा ताण बसतो आणि वीट उभी चिरते. आपल्याकडची वीट मऊ आणि सिमेंटचा माल ताठ, त्यामुळे ताण मालाच्या वाट्याला येतो आणि सगळी भिस्त वीट-माल किती घट्ट चिकटलेत त्यावर. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत यावर बरंच काम झालंय. मला तेच खानापूरच्या विटेवर बघायचं होतं.

त्यासाठी प्रिझम लागतो, म्हणजे विटा मालानं एकावर एक जोडून केलेला चाचणीचा नमुना. आयएस 1905 या भारतीय मानकाप्रमाणे तो किमान 40 सेंटिमीटर उंच लागतो. मी पाच विटा एकावर एक रचल्या, मध्ये चार सांधे, उंची 423 मिलिमीटर. जाडी 105, म्हणजे उंची जाडीच्या चौपट, म्हणून आलेल्या ताकदीला गुणायचा सुधारणा गुणक 0.95. असे सहा प्रिझम 8 जानेवारीला बांधून ओल्या गोणपाटाखाली ठेवले. चाचणी 28 व्या दिवशी करायची, म्हणजे 5 फेब्रुवारीला.

दोन दिवस आधी खिडकीवर गेले. कारकुनानं दरपत्रकावर बोट फिरवलं: काँक्रीट क्यूब, सिलिंडर, बीम, सळी, वीट. "प्रिझम इल्ला." म्हणजे नाही. दर नाही तर चलन नाही, चलन नाही तर मशीनला हात नाही. "अक्का, नाळे बर्री." उद्या या.

दुसऱ्या दिवशी म्हणाले, वीट म्हणून लावू, पाच विटांचे पाच दर. मी हो म्हटलं. तर त्यांनाच शंका आली की पाच विटांचे पाच अहवाल द्यावे लागतील, आणि तुमचा तर एकच आकडा येणार. मुद्दा बरोबर होता, राग त्याचाच आला. तिसऱ्या दिवशी साहेब रजेवर. 5 तारीख गेली. खिडकी एकला बंद होते, हेही तेव्हाच कळलं. टेम्पो बाहेर उभा करून मी एक वाजून पाच मिनिटांनी पोचले होते.

टेम्पोवरून आठवलं: प्रिझम आडवे कधीच नेऊ नका. उभे, भुश्यात, आणि वरून दोरी. माझा एक गतिरोधकावर दुसऱ्या सांध्यातून सुटला. टेम्पोवाला म्हणाला, "विटाच हैत की, चिकटवा परत."

खोलीवरची मैत्रीण भौतिकशास्त्रात. तिचं वायबीसीओ, म्हणजे 92 केल्विनच्या खाली विजेला होणारा विरोध शून्य होतो असा सुपरकंडक्टर. द्रव नायट्रोजन 77 केल्विनचा, म्हणून थंड करायला तोच पुरतो. तिलाही याच खिडकीवरून पावती हवी होती आणि तोवर तिचा नायट्रोजन थर्मासमधून हवेत जात होता. "तुझ्या विटा कोपऱ्यात उभ्या तरी राहतात," ती म्हणाली. त्यापुढे माझी तक्रार फार टिकली नाही.

सुटका केली ती मशीनवरच्या मामांनी. चहा पिताना म्हणाले, "बाळ, दरपत्रकाला मागं पान हाय, बघितलीस?" कारकुनाकडं झेरॉक्स होती, एकाच बाजूची. मूळ कागदाच्या मागे शेवटची ओळ: 'इतर नमुने – विभागप्रमुखांच्या मंजुरीने, सिलिंडरच्या दराने.' मी अर्ज तिथंच पाटावर लिहिला. मंजुरी सव्वा तासात.

10 फेब्रुवारीला, 33 व्या दिवशी, उरलेले पाच दाबले. वर-खाली 4 मिलिमीटरचं प्लायवूड. ते विसरलात तर विटेचा एखादा उंचवटाच सगळा भार घेतो आणि आकडा खोटा येतो. पहिला मोडताना आवाज फार झाला नाही, लाकूड चिरल्यासारखा. पहिली बारीक रेघ दिसली ती सांध्याच्या कडेला. मी मामांचा हात धरून ओरडले, आणि ते मशीन बंद करायला गेले, काहीतरी बिघडलं म्हणून.

माझे मार्गदर्शक सर आकडे बघून म्हणाले, चांगलंय, पण तक्त्यात 28 दिवस लिहिलेत. म्हणजे सहा प्रिझम परत बांधायचे. या वेळी आधी चलन, मग माल. तुम्हीही तेच करा. आणि दरपत्रक हातात घेऊन उलटं करून बघा, खिडकीवरचा माणूस काय म्हणतो ते नंतर ऐका.

मार्चमध्ये परत गेले तेव्हा खिडकीवरच्या झेरॉक्सवर सिलिंडरखाली पेन्सिलीनं एक ओळ वाढली होती. कन्नडमध्ये. 'प्रिझम' मला अक्षर लावून वाचता आलं. पुढचा दर मात्र रिकामा होता.