रडकी नव्हेत ती पुस्तकं: तुम्ही विचारलंत म्हणून

‘आपल्याकडे दारुडे बाप कमी पडले, म्हणून आयर्लंडातले आणून आम्हाला वाचायला देता का?’ आयरिश आत्मकथनांचं नाव काढलं की हा प्रश्न येतोच. कुणी तो जरा सभ्यपणे विचारतं: इतकी रडकी पुस्तकं तुम्हाला आवडतात कशी? कुणी संशयानं विचारतं: चाळीस-पन्नास वर्षांनी लिहिलेलं हे सगळं खरं कशावरून? दर वेळी काहीतरी बोलून वेळ मारून नेण्यापेक्षा एकदाच नीट लिहिते.

फ्रँक मकॉर्ट कोण, हे सांगत बसत नाही. ‘अँजेलाज ॲशेस’ हे त्याच्या बालपणाचं आत्मकथन १९९६ साली आलं, पुढच्या वर्षी त्याला पुलित्झर मिळालं, मग सिनेमा निघाला. विचारणाऱ्यांनी दोन्हींपैकी एक पाहिलेलं असतं, म्हणून तर ‘रडकी’ हा शब्द येतो. त्या शब्दालाच माझी हरकत आहे. आयर्लंडातल्या लिमरिक शहरातल्या त्या घरात आठवड्याला १९ शिलिंग बेकारभत्ता येतो. १२ पेन्यांचा एक शिलिंग, २० शिलिंगांचा एक पौंड. हे कोष्टक १९७१ पर्यंत चालू होतं. पुस्तक हातात घेतलंत की पहिल्या कोऱ्या पानावर ते पेन्सिलीनं लिहून ठेवा. कारण पुढं धाकटा भाऊ आल्फी जन्मतो, तेव्हा उत्तर आयर्लंडातून आजोबांची ५ पौंडांची मनीऑर्डर येते आणि बाप ती दारूत उडवतो. ५ पौंड म्हणजे १०० शिलिंग, म्हणजे पाच आठवड्यांच्या भत्त्याहून जास्त. हा हिशोब पुस्तकात कुणी मांडून दाखवत नाही. ज्यानं कोष्टक लिहून ठेवलंय त्याला तो तिथल्या तिथं कळतो, आणि बापाची वाट बघणाऱ्या बाईचा राग नेमका केवढा, तेही कळतं.

तीच गोष्ट त्या घराची. अख्ख्या गल्लीला एक संडास, तो यांच्या दाराला लागून. पाऊस लागला की खालची खोली पाण्यात जाते, मग सगळं बिऱ्हाड वर जातं. वरची खोली कोरडी आणि उबदार, म्हणून तिचं नाव इटली. सांगणारं पोर वर्तमानकाळात सांगतं. पुढं काय होणार ते त्याला ठाऊक नाही, त्यामुळे त्याला कीव करायला सवडच नाही. संवादांना अवतरणचिन्हं नाहीत. आई काय म्हणाली, बाप काय म्हणाला आणि पोराच्या मनात काय आलं, सगळं एका दमात येतं. या पद्धतीचं अनुकरण पुढं खूप झालं. बहुतेकांचं फसलं ते एकाच कारणानं: लहान मुलाच्या तोंडी मोठ्या माणसाची तक्रार घातली गेली.

आणि आवड फक्त हालअपेष्टांची असती, तर ॲलिस टेलरचं काय करायचं? तिचं ‘टू स्कूल थ्रू द फील्ड्स’ १९८८ सालचं. कॉर्क काउंटीतलं शेतावरचं बालपण, गाईगुरं, शेजारी, शाळेची वाट. बाप दारुडा नाही, कुणी उपाशी नाही. केरीमधल्या डिंगलसारख्या आडगावातल्या छोट्या प्रकाशनानं ते काढलं आणि आयर्लंडात ते तुफान खपलं. लोकांना घर हवं असतं, आणि ते किती बारकाईनं दाखवलंय ते हवं असतं.

पूर्वी मी इथंच थांबत असे. म्हणत असे की विनोद आहे, तपशील आहे, म्हणून जीव जडतो. ऐकणाऱ्याला ते पटायचंही. पण या उत्तराला कादंबरीकार जॉन मॅकगॅहर्न आडवा येतो. त्याच्याकडे मकॉर्टचा विनोद नाही, टेलरची ऊबही थोडीच, आणि तरी या सगळ्या लोकांत मला सर्वांत जवळचा तोच.

त्याचं ‘मेम्वार’ हे आत्मकथन २००५ साली आलं, २००६च्या मार्चमध्ये तो गेला. आई सुझन लीट्रिम काउंटीत शाळेत शिकवायची. बाप पोलीस सार्जंट, त्याची नेमणूक रॉसकॉमनमधल्या कूटहॉलला, आणि तो तिथल्या ठाण्याच्या इमारतीतच राहायचा. सात मुलं आईजवळ, ऑहाविलनच्या घरात. जॉन सगळ्यांत थोरला. १९४४च्या उन्हाळ्यात तो नऊ वर्षांचा होता आणि आई कर्करोगानं अंथरुणाला खिळलेली होती. बाप भेटायला आला नाही. त्यानं लॉरी पाठवली. मुलं आणि घरातलं सामान कूटहॉलला न्यायचं, असा निरोप. आई तिथंच राहणार.

सामान बाहेर काढायला सुरुवात होते. पलंग लोखंडी. असा पलंग चार तुकड्यांचा असतो: डोक्याकडची जाळी, पायाकडची जाळी आणि त्यांना जोडणाऱ्या बाजूच्या दोन पट्ट्या. पट्टीचं टोक खाचेत वरून बसवलेलं असतं. तिथल्या दमट हवेत ते टोक खाचेतच गंजून बसतं, मग हातानं ओढून निघत नाही, ठोकावं लागतं. लोखंडावर लोखंड. माणसं हातोडा घेतात आणि ठोकायला लागतात, आणि तो आवाज घरभर होतो. ज्या खोलीत आई पडली आहे, तिथंही. आपलं घर मोडलं जातंय हे तिला कुणी येऊन सांगायची गरज राहत नाही. पोरगा तिचा निरोप घ्यायला खोलीत जातो. मग लॉरी निघते, मुलं जातात. थोड्याच दिवसांत आई वारते. मुलांना अंत्यविधीला नेत नाहीत. कूटहॉलला बसून तो घड्याळाकडे बघत राहतो: आता चर्चमधून निघाले असतील, आता दफनभूमीत पोहोचले असतील.

आता बघा, या प्रसंगात काय नाही. ‘क्रूर’ हा शब्द नाही. बापाचा न्यायनिवाडा नाही. हातोडा का लागला, एवढं कारण मात्र आहे. गंज. गंज नसता तर पलंग गुपचूप सुटले असते आणि आईला कदाचित इतकं ऐकू गेलं नसतं. एवढ्याशा कारणावर सगळा प्रसंग उभा आहे आणि ते कारण लेखकानं साठ वर्षं जपून ठेवलं. रडकं पुस्तक असं लिहिता येत नाही. रडणाऱ्याचं सांध्याकडे लक्ष नसतं.

आणखी एक. हाच प्रसंग त्यानं १९७४ साली ‘द लीव्हटेकिंग’ या कादंबरीत लिहिला होता. तिथंही आईचं मरण, तिथंही त्या पलंगांची ठोकाठोक. एकतीस वर्षांनी, स्वतःच्या नावानं लिहिताना, तोच प्रसंग त्यानं पुन्हा घेतला. यावर दोन्ही बाजूंनी बोलता येतं. संशय घेणारा म्हणेल, कादंबरीत घोटून घोटून बसलेलं चित्रच पुढं आठवण म्हणून आलं. मला वाटतं, आठवणीनंच त्याला दोन्हीकडे सोडलं नाही. पण हे ‘मला वाटतं’च आहे. पुरावा म्हणून ते चालणार नाही.

बापाची बाजू? तीही विचारली जाते आणि प्रश्न रास्त आहे. मॅकगॅहर्न बापाची पत्रं पुस्तकात भरपूर उतरवतो, त्यामुळे त्याचा आवाज अगदीच दाबलेला नाही. तरी लॉरी त्या दिवसांत का पाठवली, याचं पटेल असं कारण मला त्या पुस्तकात सापडलेलं नाही. मुलाच्या लेखणीतून आलेल्या बापाबद्दल मत बनवताना मी आजही अडखळते.

खरंखोटं हा प्रश्न आयर्लंडात फार जुना आहे, तो आपण शोधलेला नाही. कवी पॅट्रिक कॅव्हनाच्या ‘द ग्रीन फूल’ या आत्मकथनातल्या एका वाक्यावरून डब्लिनच्या ऑलिव्हर सेंट जॉन गोगार्टी या लेखकानं अब्रुनुकसानीचा दावा लावला, १०० पौंड मिळवले आणि १९३८ सालचं ते पुस्तक बाजारातून उठलं. त्याच गोगार्टीला १९३७ साली स्वतःच्या आठवणींच्या पुस्तकापायी ९०० पौंड भरावे लागले होते. मकॉर्टवर तर लिमरिकमधले लोक उघड चिडले. आमचं गाव बदनाम केलं, आईची अब्रू चव्हाट्यावर आणली, असं म्हणाले. तिथं पुस्तकावर सह्या करत असताना त्याच्या एका जुन्या वर्गमित्रानं त्याच्यासमोर प्रत फाडली. १९९७ साली लिमरिकच्याच विद्यापीठानं त्याला मानद डॉक्टरेट दिली. दोन्ही गोष्टी एकाच गावात झाल्या आणि मला दोन्ही समजतात.

ज्यांना तपासायचंच आहे त्यांच्यासाठी वाट आहे. १९०१ आणि १९११च्या आयरिश जनगणनेचे मूळ अर्ज राष्ट्रीय अभिलेखागारानं इंटरनेटवर फुकट ठेवलेत. आडनाव आणि काउंटी घालून शोधा. आडनावातला ‘ओ’ किंवा ‘मॅक’ गाळूनही एकदा शोधा, कारण लिहिताना तो अनेकदा गळलेला असतो. १९११च्या अर्जात विवाहित स्त्रीपुढे तीन रकाने आहेत: लग्नाला किती वर्षं झाली, किती मुलं जिवंत जन्मली, त्यांतली किती हयात आहेत. शेवटच्या दोन आकड्यांतला फरक वाचला की आत्मकथनांतली मेलेली भावंडं अतिशयोक्ती वाटेनाशी होतात. एकोणिसाव्या शतकातलं मात्र फारसं मिळणार नाही. १९२२ साली डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारात अभिलेखागार जळालं तेव्हा जुन्या जनगणना गेल्या, आणि १८६१ ते १८९१च्या त्याआधीच सरकारनं नष्ट केल्या होत्या.

पण कागदावर तरी किती विसंबायचं? १९०१ ते १९११ या दहा वर्षांत बरीच म्हातारी माणसं दहाहून जास्त वर्षांनी वाढलेली दिसतात. कारण सरळ आहे. १९०९च्या जानेवारीपासून सत्तरी गाठलेल्यांना सरकारी पेन्शन सुरू झालं, आणि अनेकांकडे जन्माचा दाखलाच नव्हता. तेव्हा त्या अर्जावरचं वयसुद्धा घरातल्यांनी सांगितलेली गोष्टच. पेग सेअर्सचं तेच. ब्लास्केट बेटावरच्या या बाईनं आपलं आयुष्य मुलाला तोंडी सांगितलं, त्यानं लिहून घेतलं, डब्लिनच्या संपादिकेनं नीटनेटकं केलं आणि १९३६ साली छापलं. पुढं ते शाळेत सक्तीचं झालं आणि पिढ्यान्‌पिढ्या पोरांनी त्या म्हातारीचा राग केला. त्या पुस्तकात तिचं किती आणि बाकीच्यांचं किती, हे वेगळं काढता येत नाही.

आता पहिला प्रश्न, जो मी इतका वेळ टाळला. आपल्याकडे ‘बलुतं’ असताना लिमरिक कशाला? या दोघांत मला निवड करायची नाही, हे मी नेहमी सांगते आणि ते खरंही आहे. पण त्या प्रश्नात एक बोच आहे आणि ती मला लागते. लिमरिकच्या गल्लीतल्या पोरासाठी डोळे भरून येणं आपल्याला सोपं जातं, कारण त्याच्या उपासमारीत आपला हात नाही. तिथल्या पाद्र्यांना, सावकारांना, त्या बापाला दोष देऊन आपण मोकळे. ‘बलुतं’मधला दया पवारांचा कावाखाना, म्हणजे मुंबईतली त्यांच्या बालपणाची वस्ती, वाचताना तशी सुटका नाही. तिथं वाचणाऱ्याचं आडनाव त्या गोष्टीत येऊन बसतं. १९७८ साली ते पुस्तक आलं तेव्हा अनेकांना ते सोसलं नाही, याचं कारण हेच. आयरिश घरांवरच्या आपल्या प्रेमात ही सोय किती आणि साहित्याची जाण किती, हे मला सांगता येत नाही. थोडी सोय आहे, हे नक्की. पण तेवढ्यासाठी मॅकगॅहर्न वाचणं मी सोडणार नाही, आणि कुणी सोडावं असंही म्हणणार नाही. ‘बलुतं’ न वाचता ‘अँजेलाज ॲशेस’वर भरभरून बोलणाऱ्याला मात्र मी हल्ली आधी दया पवारच देते.

राहिला क्रम, कारण तोही विचारता. पोटात कालवाकालव नको असेल तर टेलरपासून सुरुवात करा. मग मकॉर्ट, कोष्टकासह. त्यानंतर नुआला ओफेलॉनचं ‘आर यू समबडी?’. तिनं वर्तमानपत्रातल्या लेखांच्या संग्रहाला प्रस्तावना लिहायला घेतली आणि प्रस्तावनेचंच आत्मकथन झालं. नऊ भावंडं, गावभर नाव असलेला पत्रकार बाप, घरात पीत बसलेली आई. दारू पिणारा बापच असतो, ही समजूत तिथं जाते. मॅकगॅहर्न शेवटी, आणि त्यातही ‘मेम्वार’ आधी, ‘द लीव्हटेकिंग’ नंतर. उलट क्रमानं वाचलंत तर ‘मेम्वार’मध्ये लॉरी येते तेव्हा पुढचं सगळं तुम्हाला ठाऊक असतं आणि हातोड्याकडे लक्ष जात नाही.