पऱ्हाटीच्या वावरात रडार: माझा अनुभव

इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षी प्रोजेक्टसाठी मी फिरत्या, म्हणजे ट्रकवरून जागा बदलणाऱ्या, रडारचा विषय घेतला. हवाई दलाचं 'रोहिणी' रडार टाट्रा ट्रकवर बसतं. ते डीआरडीओच्या बंगळूरूमधल्या एलआरडीई या प्रयोगशाळेने विकसित केलं आणि भारत इलेक्ट्रॉनिक्स ते बनवते. तसलं यंत्र कॉलेजच्या पोराच्या आवाक्यातलं नाही. पण ट्रक नव्या जागी उभा राहिला की रडारपुढे काय काय येतं, ते मला स्वतः करून पाहायचं होतं. म्हणून सामान घेऊन यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावी आलो आणि ट्रॅक्टरची ट्रॉली पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, वावरात उभी केली.

रडार म्हणजे एचबी१०० नावाचं स्वस्त मॉड्यूल. ते १०.५२५ गिगाहर्ट्झची लहर सतत सोडतं, त्यामुळे वस्तूचा वेग कळतो, अंतर नाही. ताशी ३६ किलोमीटरने सरळ अंगावर येणारी मोटरसायकल परतणाऱ्या लहरीच्या फ्रिक्वेन्सीत सुमारे ७०० हर्ट्झचा फरक पाडते; वेग जितका कमी, तितका हा फरक कमी. हा फरक कानाला ऐकू येण्याजोगा असल्याने सिग्नल अॅम्प्लिफायरने वाढवून लॅपटॉपच्या माइकच्या खाचेत दिला की काम भागतं.

पहिली अडचण काळ्या मातीची. ट्रॉलीचे जॅक एका बाजूने रुतायचे. खाली फळ्या टाकल्या, पाणसळ लावली, तरी दुपारपर्यंत ट्रॉली परत कललेली. माझ्या कामाला त्याने फारसं बिघडत नव्हतं. खऱ्या रडारला मात्र हे परवडत नाही: अँटेना एक अंशाने कलली तर १०० किलोमीटरवरच्या विमानाच्या उंचीत जवळपास पावणेदोन किलोमीटरची चूक येते. म्हणून अशा गाडीला जागा बदलली की आधी समतल करावं लागतं, उत्तर दिशा अचूक ठरवावी लागते, नाहीतर तो कल मोजून हिशेबातून वजा करावा लागतो.

पण खरा वेळ खाल्ला पऱ्हाटीने. वारा सुटला की स्क्रीनवर तळाशी जाड पट्टा उमटायचा. बाबा शेजारी उभे होते. म्हणाले, "पऱ्हाटी हालली तं थेबी दिसते का यात?" दिसते, आणि हीच तर रडार बनवणाऱ्यांची मोठी डोकेदुखी. खालून उडणारं विमान झाडं, टेकड्या, घरांवरून परतणाऱ्या लहरींत लपतं. कमी उंचीवरची विमानं टिपायला आपल्याकडे 'इंद्र' हे डॉप्लर रडार, म्हणजे फ्रिक्वेन्सीतल्या अशा फरकावरून हलती वस्तू ओळखणारं रडार, खास बनवलं गेलं.

मी ५० हर्ट्झच्या खालचं, म्हणजे मंद हालचालीचं, सगळं गाळून टाकलं. पट्टा गेला. मग बाबांना ट्रॉलीकडे भरभर चालत यायला सांगितलं, ते स्वच्छ दिसले. धुऱ्याने, म्हणजे बांधावरून, आडवे चालले तेव्हा दिसेनासे झाले, कारण आडव्या चालीत अंतर जवळजवळ बदलतच नाही. लढाऊ विमानांचे वैमानिक रडारला चकवायला नेमकी हीच आडवी दिशा धरतात. पुस्तकात वाचलेलं होतंच, पण धुऱ्यावरून चालणारे बाबा स्क्रीनवरून नाहीसे होताना पाहिले तेव्हा ते पुरतं कळलं.

संध्याकाळी वेगळंच घडलं. रडारचं तोंड गुरांच्या कोठ्याकडे केलं तर १०० हर्ट्झवर एक ठाम रेघ, म्हणजे ताशी पाचेक किलोमीटरने कोणीतरी चालतंय! कोठ्यात गुरांशिवाय कोणी नव्हतं, आणि गुरं बसलेली. दोष जुन्या ट्यूबलाइटचा होता. ५० हर्ट्झच्या विजेवर तिच्यातला वायू सेकंदाला १०० वेळा पेटतो-विझतो आणि लहर तशीच परत फेकतो. लाइट बंद केला, रेघ गेली.

तेव्हा मला फिरत्या रडारची गोम सापडली. एकाच जागी बसलेलं रडार आपला परिसर हळूहळू ओळखू लागतं. ट्रकवरच्या रडारला दर मुक्कामी कोणती टेकडी, कुठलं रान, कुठल्या तारा हे नव्याने शिकावं लागतं, तेही शत्रूने हेरायच्या आत. त्यामुळे अशा रडारची चाचणी मोकळ्या मैदानाइतकीच पिकाने भरलेल्या रानातही व्हायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

आता अंतर मोजायचं आहे. त्यासाठी फ्रिक्वेन्सी सरकवत जाणारं मॉड्यूल लागेल. तूर उभी असतानाच ते वावरात लावायचं ठरवलं आहे, कारण तूर पऱ्हाटीपेक्षा उंच वाढते आणि वाऱ्यावर जास्त डोलते.