लहान पोरांचा पंप आणि आपली भीती

आमच्या खानापूर भागात पावसाळा लागला की भिंतींना ओल येते, कपडे वाळता वाळत नाहीत आणि घराघरात पोरं खोकायला लागतात. माझा लेक त्यातलाच. साधी सर्दी झाली की दोन दिवसांत छातीत सूं सूं, रात्री खोकून खोकून उलटी. डॉक्टरांनी श्वासातनं औषध ओढायचा पंप (इनहेलर) लिहून दिला, तर शेजारच्या काकू लगेच म्हणाल्या, "पंप नको गं, सवय लागते."

अहो, सवय नाही लागत! दमा मुळातच परत परत उठणारा आजार आहे, म्हणून पंपही परत लागतो. आणि औषध किती जातंय ते बघा की, साल्ब्युटामॉल म्हणजे श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध, त्याच्या पंपाच्या एका पफात (एकदा दाबल्यावर) 100 मायक्रोग्रॅम, सिरपच्या 5 मिलीत 2 मिलीग्रॅम, म्हणजे वीसपट, ते पण पोटातनं रक्तात आणि मग छातीत, त्यामुळं पोराचे हात थरथरतात ते वेगळंच.

फक्त लहान पोराला स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची प्लॅस्टिकची नळी, पाहिजेच. पंप हलवायचा, मास्क फट न ठेवता नाकातोंडावर धरायचा, एकच पफ दाबायचा, पाच-सहा श्वास घेऊ द्यायचे, दुसरा द्यायचा तर परत हलवून. स्पेसर साबणाच्या पाण्यातनं काढला की फडक्यानं पुसू नका, घासलं की प्लॅस्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध आतच चिकटून बसतं, तसाच वाळू दे. स्टिरॉइडचा रोजचा पंप असेल तर नंतर चूळ भरायला लावा, आणि खोकला थांबला म्हणून आपल्या मनानं बंद करू नका.

पाच वर्षांखालच्या प्रत्येक घरघरीला दमा म्हणत नाहीत, बऱ्याच पोरांचं वाढत्या वयात थांबतं. दम उठतो तो बहुतेक वेळा व्हायरसच्या सर्दीनं, तिथं अँटिबायोटिकचा काही उपयोग नाही, तरी मेडिकलमधनं परस्पर आणून पाजतात, वाईट वाटतं बघून. त्यापेक्षा चुलीचा धूर, डासांची कॉइल, घरातली विडी आधी बंद करा. उसाचा पाला पेटवलाय तर पोराला घरात घ्या.

पोर शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचा 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या पोराचा 40 किंवा जास्त भरला तर त्याच दिवशी डॉक्टर. बरगड्यांखाली खड्डा पडतोय, ओठ निळसर झालेत, दूध ओढवत नाही किंवा बोलवत नाही, तर वाफारा-काढा करत बसू नका, पंप लिहून दिलेला असेल तर वाटेत देत देत सरळ दवाखाना गाठा, मग रात्रीचे दोन वाजलेले असू देत.